लेन्सला पाणी दाखवू नका

मागच्या मे महिन्यात भाचीचं लग्न होतं, हिंगणघाटपासून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या गावात. मांडवात कूलर घरघरत होते आणि मधल्या खोलीत पार्लरवाल्या ताई नवरीला सजवत होत्या. भाचीला उणे तीनचा चष्मा आहे. लग्नाच्या फोटोत तो नको, म्हणून वर्ध्याला डोळे तपासून तिने रोजच्या रोज फेकायच्या कॉन्टॅक्ट लेन्स आणल्या होत्या. उजवी नीट बसली. डावी बोटावरून निसटून चटईवर पडली. ताईंच्या हाताखालच्या मुलीने ती चटकन उचलली आणि कोपऱ्यातल्या थंड पाण्याच्या कॅनचा नळ सोडला. मी ओरडलोच.

"आरओचं पानी आहे मामा, नळाचं थोडीच आहे!" ती म्हणाली.

तिचं काय चुकलं? बाहेरून आलं की पाय धुवायचे, बाजारातून भाजी आणली की ती धुवायची, पोराच्या हातून बोर खाली पडलं तर त्याला नुसतं पाणी दाखवून परत त्याच्याच हातात द्यायचं. धुतलं म्हणजे स्वच्छ झालं, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. लेन्स तेवढी ह्या हिशेबात बसत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो, डोळ्यांचा डॉक्टर नाही; पण दहा वर्षं लेन्स वापरतोय आणि पाण्याची ही गोष्ट मलाही उशिरा कळली.

मऊ लेन्स म्हणजे पाणी प्यालेलं प्लास्टिक. तिच्या वजनाचा चाळीस ते साठ टक्के भाग पाण्याचाच असतो, काही लेन्समध्ये त्याहून कमी किंवा जास्त. हे पाणी साधं नसतं. आपल्या अश्रूंइतकंच, म्हणजे साधारण ०.९ टक्के, ते खारट असतं. अशी लेन्स साध्या पाण्यात टाकली की ती फुगते, तिचा आकार बदलतो आणि डोळ्यात घातल्यावर ती बुबुळाला घट्ट चिकटून बसते. मग काढताना बुबुळाचं वरचं नाजूक अस्तर खरवडलं जातं. आरओच्या पाण्यात क्षार आणखी कमी, म्हणजे ह्या कामाला ते नळाच्या पाण्याहूनही वाईट. उकळून गार केलेलं पाणीही चालत नाही. गुलाबपाणी नाही, आणि थुंकी तर नाहीच नाही.

पण खरी भीती पाण्यात राहणाऱ्याची आहे. अकँथअमिबा नावाचा एकपेशीय जीव विहिरीत, टाकीत, नळात, मातीत, कूलरच्या पाण्यात, सगळीकडे सापडतो. पोटात गेला तर बहुधा काही करत नाही, म्हणून आपल्याला त्याचं नावही माहीत नसतं. परिस्थिती बिघडली की तो स्वतःभोवती दुहेरी कवच करून बसतो. टाकीत टाकलेल्या ब्लीचिंग पावडरला हे कवच दाद देत नाही. लेन्सवरून तो बुबुळावर आला आणि तिथे एखादा बारीकसा ओरखडा असला की त्याचं फावतं. ह्याचा उपचार महिनोन्‌महिने चालतो. सुरुवातीला तर दिवसरात्र तासातासाला थेंब घालावे लागतात. बरं झाल्यावरही बुबुळावर पांढरा डाग राहू शकतो. डोळ्यात फूल पडलं म्हणतात, तसा.

बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक काचेला पारपटल म्हणतात. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्यात एकही रक्तवाहिनी नाही. असती तर आरपार दिसलंच नसतं. मग तिला प्राणवायू मिळतो कुठून? थेट हवेतून, अश्रूंत विरघळून. डोळा मिटला की हा पुरवठा साधारण एक तृतीयांशावर येतो आणि तेवढ्यावर ती रात्र काढते. त्यामुळे सकाळी उठल्यावर पारपटल किंचित सुजलेलंच असतं, तुमचंही आणि माझंही. आता ह्या मिटलेल्या पापणीखाली लेन्सही ठेवली तर? लेन्स घालून झोपणाऱ्यांत जंतुसंसर्गाचा धोका सहा ते आठ पटींनी वाढतो. एसटीच्या खिडकीशी लागलेली डुलकीही ह्यात धरा. वर्धा ते आर्वी एवढ्या प्रवासात मी स्वतः दोनदा घोरलो आहे, म्हणून सांगतो.

डोळ्यांना स्वतःचं संरक्षण नाही असं नाही. अश्रूंत लायसोझाइम नावाचं जंतू फोडणारं द्रव्य असतं. पेनिसिलिनवाल्या अलेक्झांडर फ्लेमिंगनेच ते १९२२ मध्ये जगापुढे मांडलं. आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापणी लववतो आणि दर वेळी बुबुळ पुसलं जातं. मऊ लेन्सखाली मात्र अश्रूंची ही ये-जा फार थोडी होते. तिथे अडकलेला जंतू मग निवांत राहतो.

ही मऊ लेन्स जन्मली कुठे, ते वाचून मला तर फार आनंद झाला होता. चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले ह्यांनी १९६१ च्या नाताळात घरीच, पोरांच्या खेळण्यातल्या पट्ट्या-स्क्रूंचं यंत्र जुळवून आणि त्याला सायकलचा डायनॅमो जोडून, पहिल्या चांगल्या मऊ लेन्स फिरवून काढल्या. अमेरिकेत मऊ लेन्सना १९७१ मध्ये परवानगी मिळाली. वापरून फेकायच्या लेन्स तिथल्या बाजारात १९८७ ला आल्या. फेकण्यामागचं कारण साधं आहे. अश्रूंतली प्रथिनं आणि चरबी लेन्सवर दिवसागणिक साचत जातात, आणि त्या थरावर जंतूंना छान पाय रोवता येतात.

आता रोजची घ्यावी की महिन्याची? दुकानदार महिन्याची स्वस्त पडते म्हणून सांगतो आणि रोज घालणाऱ्यासाठी ते खरंही आहे. पण महिन्याच्या लेन्ससोबत ती ठेवायची डबी येते, लेन्स साफ करायच्या द्रावणाची बाटली येते, आणि दुखणं बहुतेक ह्या दोन वाटांनी शिरतं. डबीत कालचं द्रावण असतं, त्यातच थोडं नवं ओतलं जातं. वरणात पाणी वाढवावं तसं. जुन्या द्रावणाचा जोर संपलेला असतो, डबीच्या भिंतीला जंतूंचा बुळबुळीत थर धरतो आणि तो थर अकँथअमिबाचं खाद्य असतो. २००६ च्या सुमाराला अमेरिका, सिंगापूर, हाँगकाँगमध्ये लेन्स वापरणाऱ्यांत फ्युजेरियम बुरशीची साथ आली होती. त्यात एका विशिष्ट द्रावणाचा संबंध निघाला आणि ते जगभरातून परत मागवलं गेलं. जुन्यात नवं ओतण्याची सवयही तिथे नडली होती. म्हणून महिन्याची वापरायची तर लेन्स काढल्यावर ताज्या द्रावणात तळहातावर चोळायची, डबीतलं जुनं सगळं ओतून टाकायचं, डबी द्रावणानेच विसळून उपडी सुकवायची आणि तीन महिन्यांनी ती फेकायची. आणि महिना पाकीट उघडल्यापासून मोजायचा. आठवड्यात दोनदाच घातली तरी.

आपल्या भागात, जिथे लेन्स लग्नाकार्याला किंवा कॉलेजच्या गॅदरिंगला घातली जाते, तिथे मी डोळे झाकून रोजची घ्या म्हणतो. धोका शून्यावर येत नाही, पण डबी नाही, बाटली नाही. फक्त ती उद्यासाठी ठेवायची नाही. पाकिटातलं खारं पाणी लेन्स ओली ठेवण्यापुरतं असतं, ते जंतू मारत नाही.

पाणी हाताला मात्र हवंच. साबणाने हात धुवायचे आणि पूर्ण कोरडे करायचे, तेही ओढणीला किंवा खांद्यावरच्या दुपट्ट्याला न पुसता. त्याची बारीक तुसं लेन्सला चिकटतात. लेन्स बोटाच्या टोकावर ठेवून बाजूने पाहायची. कडा वाटीसारख्या सरळ वर गेल्या असतील तर ती सुलट. बशीसारख्या बाहेर पसरल्या असतील तर उलटी. नेहमी उजव्या डोळ्यापासून सुरुवात करायची म्हणजे नंबरांची अदलाबदल होत नाही. आधी लेन्स, मग काजळ. रात्री आधी लेन्स काढायची, मग काजळ पुसायचं. सापडली नाही तर घाबरू नका. ती डोळ्यामागे जाऊच शकत नाही, कारण पापणीच्या आतलं अस्तर वळून डोळ्यालाच जोडलेलं असतं. ती पापणीच्या घडीत कुठेतरी बसलेली असते.

माझी स्वतःची फजिती मिरचीची. हिरव्या मिरचीचा ठेचा वाटला, हात नुसते पाण्याने धुतले आणि रात्री लेन्स काढायला बोट डोळ्यात घातलं. पुढचा अर्धा तास मी अंगणात नाचत होतो. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. साबणाने बरंचसं निघतं, सगळं नाही. तेव्हापासून मिरचीला हात लावायच्या आधी लेन्स काढतो. ती लेन्स अर्थातच फेकली.

शेतात लेन्स नकोच. फवारणीला तर अजिबात नको. औषधाचा शिंतोडा लेन्सखाली अडकून बसतो. उडालाच तर मात्र इथे हिशेब उलटा: क्षणभरही न थांबता भरपूर पाण्याने डोळा धुवायचा, आणि धुता धुता लेन्स निघाली तर काढायची. तुरीचं, सोयाबीनचं कुटार किंवा पऱ्हाटीची काडी डोळ्याला लागून होणारी जखम आपल्याकडे लेन्स न घालणाऱ्यांनाही बुरशीचा आजार देते. तिथे लेन्स म्हणजे भरीला भर. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की लेन्स तशीही सुकते. कूलरचा झोत तोंडावर घेऊन बसलात तर आणखी लवकर.

रंगीत लेन्सचं थोडं सांगतो, कारण मांडवात तीच जास्त दिसते. नंबर नाही म्हणून तपासणी नको, असं नसतं. बुबुळाची गोलाई प्रत्येकाची वेगळी, लेन्सचं माप त्यावर ठरतं. आणि एकाच जोडीत ह्या आठवड्यात ही नवरी, पुढच्या आठवड्यात ती, हा प्रकार ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा धुरकट दिसू लागलं, तर लेन्स लगेच काढायची आणि परत घालायची नाही. मेडिकल स्टोअरमधून "डोळे आले" म्हणून थेंब आणायचे नाहीत. त्यांत स्टेरॉइड असलं तर लाली उतरते, आपल्याला बरं वाटतं आणि आत बुरशी किंवा अमिबा बिनघोर पसरतो. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं: सेवाग्रामला, यवतमाळला, नाहीतर नागपूरला मेडिकल किंवा मेयो ह्या सरकारी दवाखान्यांत. जाताना काढलेली लेन्स आणि डबी असेल तर डबीही, आहे तशी, सोबत न्यायची. जंतू कोणता, हे कधीकधी त्या डबीतल्या थेंबातूनच कळतं.

भाचीची ती डावी लेन्स आम्ही कचऱ्यात टाकली. सुदैवाने तिने दोन जोड्या जास्तीच्या आणल्या होत्या. मदतनीस मुलीने हात धुतले, टिश्यूने कोरडे केले आणि नवं पाकीट फोडलं. मग मला विचारलं, "मामा, मंग आता हे कॅनचं पानी प्याले तरी चालते ना?"