प्राणिवर्गीकरणाचे बालशिक्षण, मुंबईतील

प्राण्यांमधील साम्यभेद पाहून त्यांचे गट पाडण्याची रीत मुलांना शिकवण्याचा शालेय व शाळाबाह्य व्यवहार. प्राथमिक इयत्तांत तो परिसर अभ्यासात आणि पुढे सामान्य विज्ञानात मोडतो. मुंबईत त्याला पाठ्यपुस्तकाखेरीज वस्तुसंग्रहालय, राणीची बाग, खडकाळ किनारा व मासळी बाजार यांची जोड मिळाली आहे. शिवाय जैन पाठशाळांतून शिकवली जाणारी इंद्रियसंख्येवर आधारलेली पद्धती याच शहरात शाळेतल्या वर्गीकरणाच्या तक्त्याशेजारी नांदते.

उगम : शाळेतला तक्ता मुळात कोणाचा, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काही जण त्याचे मूळ ॲरिस्टॉटलपर्यंत नेतात. इ. स. पू. चौथ्या शतकात त्याने प्राण्यांचे रक्तयुक्त व रक्तहीन असे दोन भाग केले होते आणि ते आजच्या पृष्ठवंशी व अपृष्ठवंशी गटांशी बरेचसे जुळतात. डॉल्फिनला त्याने माशांत बसवले नव्हते, हेही या मताच्या पुष्टीसाठी सांगितले जाते. इतर अभ्यासक श्रेय स्वीडिश निसर्गवैज्ञानिक लिनीअसला देतात. १७५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘सिस्टेमा नातुरे’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत त्याने सस्तन, पक्षी, उभयचर, मत्स्य, कीटक व कृमी असे सहा वर्ग मांडले. देवमासेही त्याने या आवृत्तीत प्रथमच माशांतून काढून सस्तनांत आणले. मात्र त्याच्या उभयचरांत साप, पाली, कासवे आणि काही कूर्चामीनही (कुर्चेचा सांगाडा असलेले मासे) होते. कीटकांत खेकडे व कोळी होते, तर उरलेले बहुतेक सारे कृमींत ढकललेले होते. पृष्ठवंशी-अपृष्ठवंशी ही विभागणी फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लामार्कने अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ केली. सरीसृप व उभयचर हे स्वतंत्र वर्ग म्हणून स्थिरावले ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. हा क्रम पाहता, आजच्या मुलाच्या वहीतला तक्ता अनेक हातांनी, थरांवर थर चढत तयार झाला असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

भारतीय परंपरेतील वर्गीकरणाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. छांदोग्य उपनिषदात जन्माच्या प्रकारावरून तीन गट येतात, ऐतरेयात चार. जरायुज (जारज, म्हणजे वारेसह जन्मणारे), अंडज (अंड्यातून येणारे), स्वेदज व उद्भिज्ज (जमीन फोडून उगवणारे) या चार खाणी मराठी संतवाङ्मयात सर्वपरिचित आहेत आणि कीर्तनातून त्या घरोघरी पोहोचल्या. इयत्ता सहावीत शिकवले जाणारे अंडज व जरायुज प्राणी हे या चौकडीतलेच दोन शब्द होत. ‘स्वेदज’ म्हणजे घामातून, उष्म्यातून उपजणारे, ही कल्पना अर्थातच आधुनिक जीवविज्ञानात टिकली नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (संहितेचे थर सामान्यतः इ. स. पू. दुसरे ते इ. स. दुसरे शतक असे धरतात, दृढबल या उत्तरकालीन संस्कर्त्याची भर त्यानंतरची) आहारोपयोगी प्राण्यांचे प्रसह, भूमिशय, आनूप (दलदलीतले), वारिशय, वारिचर, जांगल (कोरड्या रानातले), विष्किर (उकरून खाणारे) व प्रतुद (टोचून खाणारे) असे आठ वर्ग आहेत. प्रसह म्हणजे झडप घालून, ओढून खाणारे. त्यांत सिंह, गाय, घोडा आणि कावळा एकत्र बसतात. वारिशयांत मासा, कासव, खेकडा, शंख, शिंपला व मगर येतात. बंगाली तत्त्वज्ञ ब्रजेंद्रनाथ सील यांनी १९१५ मध्ये या याद्यांचा तपशीलवार परामर्श घेतला आणि त्यांना प्राणिशास्त्रीय वर्गीकरणाच्या इतिहासात स्थान दिले. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्सिस झिमरमन यांनी १९८२ मध्ये वेगळा अर्थ लावला. त्यांच्या मते या याद्या मांसाचे गुणधर्म आणि कोरड्या-दलदलीच्या भूमीचा भेद ध्यानात ठेवून रचल्या आहेत, प्राण्यांची शरीररचना हा त्यांचा विषयच नाही. सिंह आणि गाय एका पंक्तीत बसतात हे लक्षात घेतले की झिमरमन यांचे म्हणणे ग्राह्य वाटते. अध्यापनाच्या दृष्टीनेही ते उपयोगी आहे, कारण मुले स्वतःहून जे गट पाडतात तेही खाण्याचे, राहण्याचे आणि वागण्याचे असतात.

इंद्रियांवरून वर्गीकरण : उमास्वातीकृत तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात (काल विवाद्य, इ. स. दुसऱ्यापासून पाचव्या शतकापर्यंत मते आहेत) कृमी, मुंगी, भ्रमर व मनुष्य हे अनुक्रमे दोन, तीन, चार व पाच इंद्रियांच्या जीवांचे नमुने म्हणून दिले आहेत. कृमीला स्पर्श व रस, मुंगीला त्याखेरीज घ्राण, भ्रमराला चक्षू आणि मनुष्याला श्रोत्र, असे एकेक इंद्रिय वाढत जाते. शांतिसूरींच्या जीवविचार या प्रकरणग्रंथात (बहुधा अकरावे शतक) याच आराखड्यावर लांबलचक याद्या येतात. श्वेतांबर पाठशाळांत मुले त्या आजही पाठ करतात. मुंबईतील गुजराती व मारवाडी जैन वस्त्यांत संध्याकाळच्या पाठशाळेत बेइंद्रिय, तेइंद्रिय (दोन, तीन इंद्रियांचे) म्हणणारे मूल दुसऱ्या दिवशी शाळेत संधिपाद (सांधेदार पायांचे) संघ लिहिते.

दोन्ही पद्धतींतील फरक मुंगी आणि मधमाशी यांवर उत्तम दिसतो. आधुनिक प्राणिशास्त्रात दोघी एकाच गणात, म्हणजे एकमेकींच्या जवळच्या नातेवाईक. जैन पद्धतीत मुंगी तीन इंद्रियांची, मधमाशी चार इंद्रियांची, म्हणून गट वेगळे. उलट शंख आणि गांडूळ दोन्ही द्वींद्रिय असल्याने तेथे शेजारी येतात. शाळेत ते मृदुकाय व वलयी अशा निराळ्या संघांत जातात. जैन पद्धतीचे प्रयोजन हिंसा टाळण्याचे आहे. कोणत्या जिवाला किती इजा होऊ शकते, हे तिला ठरवायचे असते. वंशावळ हा तिचा प्रश्न नाही. हे स्पष्ट करून सांगणारे शिक्षक थोडे असले, तरी सांगितल्यावर मुलांचा गोंधळ फारसा उरत नाही.

मुलांची समज : मानसशास्त्रज्ञ झां पियाजे व बार्बेल इन्हेल्डर यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले, की गटात गट सामावतो ही कल्पना साधारण सात-आठ वर्षांच्या आधी मुलांना पेलत नाही. ‘पक्षी जास्त की प्राणी जास्त?’ या प्रश्नावर लहान मूल पक्षी एका बाजूला काढते आणि उरलेल्यांशी त्यांची तुलना करते. फुलांच्या चित्रांपेक्षा प्राण्यांच्या चित्रांवर हा प्रश्न अवघड जातो, असेही त्यांना आढळले. बेव्हर्ली बेल यांच्या न्यूझीलंडमधील अभ्यासात (१९८१) गाय हा प्राणी असल्याचे मुलांना सहज मान्य होते, पण कोळी, गांडूळ आणि माणूस यांना प्राणी म्हणायला अनेक जण राजी नव्हते. मराठी वर्गातही चित्र निराळे नाही. ‘प्राणी आणि पक्षी’ अशी जोडी बालवाडीपासून तोंडात बसलेली असते, त्यामुळे चिमणी हाही प्राणी आहे हे तिसरी-चौथीपर्यंत पटवून द्यावे लागते. मुंगी आणि झुरळ यांचा नंबर त्याच्याही नंतर लागतो.

अभ्यासक्रम : राज्य मंडळाच्या शाळांत बालभारतीची पाठ्यपुस्तके वापरतात. सहावीत पाठीचा कणा, प्रजनन, अधिवास इत्यादींवरून सोपे गट येतात, सातवीत अनुकूलन व द्विनाम पद्धती (जातीला दोन शब्दांचे शास्त्रीय नाव देण्याची रीत), आठवीत सूक्ष्मजीव, नववीत वनस्पती. प्राण्यांचे संघवार वर्गीकरण थेट दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये (२०१८ पासून) भेटते. रंध्रीय संघापासून (स्पंज) समपृष्ठरज्जूपर्यंत (कणाधारी व त्यांचे नातेवाईक) सममिती, जननस्तर (भ्रूणातील पेशींचे थर), देहगुहा (शरीरातील पोकळी) व खंडीभवन या निकषांसह ते एकाच प्रकरणात उरकावे लागते. बोर्डाच्या वर्षी त्याचे पाठांतर होते, हे ओघानेच आले.

मासळी बाजार : सहावी आणि दहावी यांच्यातली दरी बुजवायला मुंबईत सर्वांत हाताशी असलेले साधन म्हणजे कोळणीची टोपली. ससून डॉक, माहीम, वर्सोवा किंवा कोणत्याही उपनगरातील मंडईत पापलेट व बोंबील (अस्थिमत्स्य), मुशी व पाकट (कूर्चामीन), कोळंबी, चिंबोरी, शेवंड व जवळा (संधिपाद), तिसऱ्या, कालवे व माकुल (मृदुकाय) एका फळीवर मिळतात. व्यवहारात ही सारी ‘मासळी’, म्हणजे जवळपास चरकाचा वारिशय वर्गच.

वर्गातील कृती साधारण अशी असते. परातीत पापलेट, कोळंबी, चिंबोरी, तिसरी आणि माकुल ठेवून मुलांना आधी काहीही न सांगता गट पाडू देतात. पहिली विभागणी हमखास ‘आमच्याकडे खातात’ आणि ‘खात नाहीत’ अशी होते. मग शिक्षक एकच गोष्ट शोधायला सांगतात : अंगातला कठीण भाग कुठे आहे? चिंबोरी व कोळंबीचा बाहेर, सांध्यासांध्यांचा. कोळंबीच्या चालण्याच्या पायांच्या पाच जोड्या बोटाने मोजता येतात आणि प्रत्येक पाय कुठे दुमडतो तेही दिसते. तिसरीचा बाहेर, पण सांधे नाहीत, दोन झडपा. पापलेटचा आत, मणक्यांच्या ओळीचा. अडते ते माकुलपाशी. ते उभे चिरले की पाठीच्या बाजूने पारदर्शक, पिसासारखी लांब पट्टी सरकन बाहेर येते आणि मुले ‘कणा! कणा!’ म्हणून ओरडतात. पट्टी वाकवून पाहिली की ती सलग, एकसंध असल्याचे कळते. पापलेटच्या काट्यात मणके सुटे मोजता येतात. ही पट्टी म्हणजे आत गेलेल्या कवचाचा अवशेष. किनाऱ्यावर सापडणारे पांढरे समुद्रफेनही माकुलाच्याच एका भावंडाचे तसलेच आतले कवच होय. ‘बाई, बोंबलाला तर कणाच नसतो,’ अशी शंका येतेच. बोंबलाचा काटा मऊ असतो, पण असतो. मुशीचा कणा कुर्चेचा, तरीही तो कणाच. हाड म्हणजेच कणा हा समज या दोन माशांनी मोडतो.

ही कृती सर्वत्र करता येत नाही. शाकाहारी कुटुंबांतील मुले मोठ्या संख्येने असलेल्या शाळांत चित्रकार्डांवर भागवतात. कार्डावर मात्र माकुल आणि पापलेट सारख्याच आकाराचे छापलेले असते आणि पट्टी ओढून पाहता येत नाही.

किनारा : ओहोटीच्या वेळी हाजी अली, वरळी व गिरगाव येथील खडकांवर समुद्रफुले, बार्नेकल, शंखातले खेकडे, समुद्री गोगलगायी आणि क्वचित अष्टपाद दिसतात. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिक उपक्रमाच्या किनारा-फेऱ्यांमुळे शाळकरी मुले तेथे जाऊ लागली. बार्नेकल खडकाला कवचासह घट्ट चिकटलेला असल्याने मुले त्याला शिंपल्यांत घालतात. यात त्यांना संगत चांगली आहे, कारण फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिएनेही त्याला मृदुकायांतच ठेवले होते. १८३० मध्ये जॉन व्हॉन टॉम्सन यांनी त्याच्या मुक्त पोहणाऱ्या अळ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा तो खेकड्यांचा नातेवाईक असल्याचे स्पष्ट झाले. डार्विनने पुढे बार्नेकलांच्या अभ्यासात अनेक वर्षे घालवली. प्रौढ रूपावरून गट ठरवण्यातला धोका शिकवायला याहून चांगले उदाहरण शहरात नाही.

संस्था : बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे भारतीय होते. पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स (आता छत्रपती शिवाजी महाराज) वस्तुसंग्रहालयातील निसर्गेतिहास विभाग सोसायटीच्या साहाय्याने उभा राहिला. १९२६ च्या सुमारास सलीम अली तेथे मार्गदर्शक व्याख्याते होते आणि शाळकरी मुलांना दालने दाखवण्याचे काम त्यांच्याकडे असे. सोसायटीचे गोरेगाव येथील संवर्धन शिक्षण केंद्र आजही शाळांच्या सहली घेते. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने (१९७४) प्राथमिक विज्ञानासाठी तयार केलेल्या पुस्तकांत परिसरनिरीक्षणावर भर आहे. भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ मध्ये हंबोल्ट पेंग्विन आल्यापासून ‘उडतो तो पक्षी’ या व्याख्येची तपासणी तिथल्या काचेसमोर होते. उडूनही पक्षी नसलेल्या वटवाघळांसाठी तर बागेतली झाडेच पुरतात.

आधुनिक बदल : जर्मन कीटकशास्त्रज्ञ हेनिगच्या (१९५०) वंशाधारित पद्धतीनुसार पक्षी हे सरीसृपांच्याच शाखेत येतात. मगरीचे जिवंत प्राण्यांतील सर्वांत जवळचे नातेवाईक पक्षी होत, पाली नव्हेत. शालेय पुस्तके मत्स्य, उभयचर, सरीसृप, पक्षी व सस्तन हे जुने वर्ग स्वतंत्रच ठेवतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी ते सोयीचे आहे. मात्र दहावीच्या वर्गात मगरीचे उदाहरण टाळण्याचे कारण दिसत नाही.