लोकल डॉक लावला म्हणून कंपनी कन्सोल बंद करू शकते का? : पार्श्वभूमी

सांगलीत ज्यांच्याकडे निन्टेंडो स्विच (हातात धरून किंवा टीव्हीला जोडून खेळायचं गेमचं मशिन) आहे, त्यांतल्या बहुतेकांचं मशिन अधिकृत दुकानातून आलेलं नाही. निन्टेंडोने स्विच भारतात अधिकृतपणे विकायला आणलाच नाही. कुणाचा भाऊ दुबईहून आणतो, कुणी मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्याकडून कुरिअरने मागवतो. मशिन ओरिजिनल असलं, तरी सोबतचा डॉक (मशिन टीव्हीला जोडणारं स्टँड), जादा चार्जर आणि दुसरा कंट्रोलर बहुधा लोकल असतो, कारण कंपनीच्या एका डॉकच्या पैशात लोकल दोन-तीन येतात.

मे २०२५ मध्ये निन्टेंडोने आपल्या अकाउंटचा करारनामा बदलला. अमेरिकेतल्या मसुद्यात आलेलं वाक्य असं, की ग्राहकाने निर्बंध मोडले तर कंपनी अकाउंटच्या सेवा किंवा संबंधित यंत्र पूर्णतः वा अंशतः कायमचं निरुपयोगी करू शकते. युरोपच्या मसुद्यात भाषा मवाळ आहे. तिथे यंत्राऐवजी डिजिटल उत्पादन निरुपयोगी होण्याची गोष्ट आहे. पुढच्याच महिन्यात, ५ जूनला, स्विच २ बाजारात आला आणि दुकानांच्या काउंटरवर एकच प्रश्न सुरू झाला: लोकल डॉक लावला तर मशिन जाणार का?

ते निर्बंध मुख्यतः कुलूप (बाहेरची वस्तू किंवा गेम चालू न देणारी मशिनमधली तपासणी) तोडणं, सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करणं आणि चोरीच्या प्रती चालवणं यांबद्दल आहेत. साधा चार्जर किंवा डॉक आपोआप त्यात बसत नाही. गोंधळ होतो तो तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने ओळखल्या जातात म्हणून. ॲक्सेसरी नाकारणं ही एक, मशिनची ऑनलाइन सेवा तोडणं ही दुसरी, आणि मशिनच डेड करणं ही तिसरी. कंपन्यांनी पहिली गोष्ट वर्षानुवर्षं केली, दुसरी सर्रास केली. तिसरीचा हक्क त्या कागदावर राखून ठेवतात, पण बाहेरच्या ॲक्सेसरीपायी जी मशिनं मेली ती बहुतेक विजेमुळे मेली.

सुरुवातीला कुलूपच नव्हतं. १९७७ च्या अटारी २६०० मध्ये कुणाचीही कॅसेट चाले. १९७९ मध्ये अटारीतून बाहेर पडलेल्या प्रोग्रामरांनी ॲक्टिव्हिजन काढली, अटारीने खटला भरला, आणि १९८२ मध्ये रॉयल्टीवर समेट झाला. मग जो तो कॅसेटी काढू लागला, दर्जा घसरला आणि १९८३ मध्ये अमेरिकेतला बाजार कोसळला.

त्यातून शिकून निन्टेंडोने १९८५ मध्ये अमेरिकेत आणलेल्या एनईएस या गेम मशिनमध्ये 'टेन-एनईएस' हे कुलूप बसवलं. मशिनमध्ये एक छोटा चार बिटांचा मायक्रोकंट्रोलर, कॅसेटमध्ये त्याचा जोडीदार. पॉवर दिली की दोघं एकच आकड्यांची मालिका काढत राहतात. मालिका जुळली नाही तर मशिनमधली चिप साधारण दर सेकंदाला रिसेट मारते. स्क्रीन आणि लाल दिवा दोन्ही लुकलुकतात. यातली खरी गंमत कनेक्टरमध्ये होती. कॅसेट आडवी आत सरकवून खाली दाबायची रचना असल्याने ७२ पिनांचा कनेक्टर ढिला पडे, पिनांवर काट चढे, आणि चारापैकी एखाद्या कुलपाच्या पिनेचा संपर्क तुटला की ओरिजिनल मशिनमध्ये ओरिजिनल कॅसेटही लुकलुकायची. म्हणजे कुलपाचा पहिला फटका प्रामाणिक गिऱ्हाइकालाच बसला. दुरुस्तीवाले मशिनमधल्या कुलूप-चिपची चार नंबरची पिन उचलून ग्राउंडला जोडत. मग ती चिप स्वतःला किल्लीच समजे आणि रिसेट कधीच मारत नसे.

आपल्याकडच्या नव्वदीतल्या पोरांनी हे कुलूप पाहिलंच नाही. बाजारात मिळणारे 'टीव्ही गेम' फॅमिकॉमच्या, म्हणजे एनईएसच्या मूळ जपानी रूपाच्या, नकला होते. १९८३ च्या त्या मशिनला ६० पिना होत्या आणि कुलूप नव्हतं. म्हणून '९९९९ इन वन' लिहिलेली कॅसेट बिनदिक्कत चालायची.

अमेरिकेत मात्र कुलूप फोडण्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. अटारी गेम्सने खटल्यासाठी हवा अशी खोटी सबब सांगून कॉपीराइट कार्यालयातून कुलपाचा कोड मिळवला आणि आपल्या टेन्जेन या उपकंपनीच्या कॅसेटींसाठी स्वतःची 'रॅबिट' चिप बनवली. १९९२ मध्ये कोर्टाने त्यांच्याविरुद्ध कौल दिला. काही लहान कंपन्यांनी कोडला हातच लावला नाही. त्यांच्या कॅसेटी व्होल्टेजचा झटका देऊन कुलूप-चिपला गपगार करत. निन्टेंडोने पुढच्या बोर्डांमध्ये त्यावरही बंदोबस्त केला. १९९२ मध्येच 'गेम जिनी' या चीट-उपकरणाच्या बाजूने आणि सेगा या दुसऱ्या कन्सोल कंपनीविरुद्धच्या खटल्यात ॲकोलेड या गेम कंपनीच्या बाजूने निकाल लागले. सेगाचं मशिन कॅसेटमध्ये ठरावीक जागी 'सेगा' ही अक्षरं शोधायचं. लाखो बाइटच्या गेममध्ये जेमतेम २०-२५ बाइटचा तो तुकडा चालण्यापुरता वापरणं, आणि तो शोधण्यासाठी सेगाच्या गेमचा कोड उलगडून पाहणं, कोर्टाने वैध ठरवलं.

हे निकाल दाखवून 'कंपनी अडवूच शकत नाही' असं सांगणारे भेटतात. ते चूक आहे. जुळणारी वस्तू बनवायला मुभा आहे, एवढंच हे निकाल सांगतात. मूळ कंपनीने ती वस्तू चालू दिलीच पाहिजे, असं त्यांत कुठेही नाही.

ही फट पुरती उघडी पडली २००९ मध्ये. एक्सबॉक्स ३६० साठी मायक्रोसॉफ्टची, गेमची प्रगती साठवणारी मेमरी युनिट ६४ ते ५१२ एमबीची होती. डेटेल या ब्रिटिश कंपनीने मायक्रोएसडी कार्ड बसणारं युनिट काढलं. जागा जास्त, पैसे कमी. मायक्रोसॉफ्टने अपडेट टाकलं आणि बाहेरची युनिटं चालेनाशी झाली. ज्यांचे सेव्ह त्यात होते त्यांना अपडेटआधी ते हलवून घ्या, असं सांगण्यात आलं. डेटेलने स्पर्धा कायद्याखाली दावा लावला. एप्रिल २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोर्टाने तो प्राथमिक टप्प्यावर निकालात काढायला नकार दिला. मशिन विकत घेताना ग्राहकाला ही मर्यादा स्पष्ट सांगितली होती का, हा मुद्दा कोर्टाला दखलपात्र वाटला. पुढे प्रकरण आपसात मिटलं, त्यामुळे अंतिम निकाल हाती लागला नाही. आजच्या करारनाम्यांत जे लांबलचक, ठसठशीत निर्बंध दिसतात, त्यांचं मूळ आम्ही या खटल्यात शोधतो: आधी लिहून ठेवलं की नंतर 'सांगितलं नव्हतं' म्हणायची सोय राहत नाही.

सोनीने २०१० मध्ये प्लेस्टेशन ३ (पीएस३) वर हाच मार्ग धरला. १ एप्रिलच्या अपडेटने लिनक्स बसवायची सोय काढून घेतली. ऑगस्टमध्ये यूएसबी डोंगलने कुलूप फुटल्यावर पाठोपाठ अपडेट आले, आणि ३.५० मध्ये काही बिनपरवाना कंट्रोलरही चालेनासे झाले. पीएस४ मध्ये तपासणी आणखी आत गेली. मशिन कंट्रोलरला गुप्त-किल्लीचं कोडं घालतं. बरोबर उत्तर आलं नाही तर सुमारे आठ मिनिटांनी जोडणी तोडतं. गिऱ्हाईक बॅटरी बदलतं, केबल बदलतं, ब्लूटूथला शिव्या देतं. दर वेळी घड्याळ लावल्यासारखा आठव्या मिनिटाला कंट्रोलर सुटत असेल तर बॅटरीवर पैसे घालवू नयेत.

एक्सबॉक्सवर २०२३ च्या शरदात शून्य-एक्स-८२डी६०००२ हा एरर दिसू लागला. अनधिकृत ॲक्सेसरी ओळखली गेल्याचं सांगून दोन आठवड्यांची मुदत मिळायची. सुरुवातीच्या गिऱ्हाइकांसाठी ती १२ नोव्हेंबरला संपली. सगळ्यात जास्त पोळले ते फाइटिंग गेमवाले, कारण त्यांच्या महागड्या स्टिक कन्व्हर्टरमधून चालायच्या. पण बंद झाली ती ॲक्सेसरी. ती काढून कंपनीचा किंवा खोक्यावर 'डिझाइन्ड फॉर एक्सबॉक्स' छापलेला कंट्रोलर लावला की मशिन पहिल्यासारखं चालतं.

मग मशिन खरंच मेलं ते कुठे? मार्च २०१८ मध्ये स्विचचं ५.०.० अपडेट आलं आणि बाहेरच्या डॉकवर, विशेषतः नायको कंपनीच्या, लावलेली मशिनं पटापट गेली. कंपनीने मुद्दाम मारली, अशी बोंब झाली. उघडून पाहणाऱ्यांना वेगळंच सापडलं. स्विचचा ओरिजिनल चार्जर आधी ५ व्होल्ट देतो, आणि टाइप-सीच्या सीसी पिनेवर (किती व्होल्टेज द्यायचं हे ठरवणारी पिन) बोलणी झाल्यावर टीव्ही मोडसाठी १५ व्होल्ट, २.६ अँपिअर. ही बोलणी करणारी आयसी (चिप) म्हणजे एम९२टी३६. बेशिस्त डॉक नको तेव्हा, नको त्या पिनेवर जास्त व्होल्टेज सोडतो आणि ती आयसी शॉर्ट होते. अपडेटने पॉवरची वागणूक बदलली, डॉकचा जुना दोष उघडा पडला.

रिपेअरला आलेलं असं मशिन ओळखायला टाइप-सीचा मीटर पुरतो. मशिन पुरेसं चार्ज करून ओरिजिनल चार्जर लावला की आकडा १५ वर चढला पाहिजे. तो ५ व्होल्टवर अडकला आणि करंटही जेमतेम अर्धा अँपिअरच्या आसपास राहिला, तर संशय एम९२टी३६ वर. आयसी बदलण्याआधी तिच्या आजूबाजूच्या कपॅसिटरवर मल्टिमीटरने शॉर्ट पाहावा. शॉर्ट आयसीमुळे असेल तर ती काढल्यावर जातो. टीव्हीवर चित्र येत नसेल तर शेजारची, वर पीआय३यूएसबी छापलेली आयसीही तपासावी. नुसती पहिली बदलून मशिन परत दिलं की आठवड्यात तक्रार येते. आणि तो डॉक गिऱ्हाइकाला परत देऊच नये, कारण घरी जाऊन तो पहिल्यांदा तोच लावतो.

स्विच २ चा चार्जर ६० वॉटचा, २० व्होल्टचा आहे आणि मशिन डॉकशी स्वतःच्या खास संदेशांत बोलतं. बाहेरच्या डॉकवाल्यांना त्या संदेशांची नक्कल करावी लागते. अपडेटने संदेश बदलले की डॉक मुका होतो. नोव्हेंबर २०२५ च्या अपडेटनंतर अशा तक्रारी आल्या. मशिन शाबूत, टीव्हीवर चित्र नाही.

सेवा तोडण्याचा प्रकार जून २०२५ मध्ये दिसला. मिग स्विच हे फ्लॅश कार्ट्रिज (गेमच्या प्रती भरून चालवायचं कार्ट्रिज) वापरलेल्या स्विच २ वर २१२४-४५०८ हा एरर आला आणि मशिनच्या ऑनलाइन सेवा बंद झाल्या. ऑफलाइन गेम चालत राहिले. प्रत्येक ओरिजिनल कार्ट्रिजचं प्रमाणपत्र वेगळं असतं. त्याची नक्कल दुसऱ्याच्या मशिनमध्ये ऑनलाइन गेली की दोन्ही संशयात येतात. म्हणूनच सेकंड हँड कार्ट्रिज घेणारे काही निर्दोष लोकही अडकले, आणि पुरावा दाखवल्यावर त्यांतल्या काहींची बंदी उठली. सेकंड हँड स्विच २ घेताना आधी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ई-शॉप (निन्टेंडोचं ऑनलाइन दुकान) उघडून बघावं, मग पैसे द्यावेत. बंदी मशिनवर असते, अकाउंट बदलून ती जात नाही.

मालकाच्या हातातली वस्तू दुरून जाणूनबुजून निकामी केल्याचं ठळक उदाहरण कन्सोलच्या बाहेरचं आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय या चिप कंपनीचं ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आलं आणि त्याने नकली यूएसबी-सीरियल चिपांचा ओळख-क्रमांक शून्य करून टाकला. आर्डुइनोवर काम करणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांची बोर्डं संगणकाला दिसेनाशी झाली. ओरड झाली, ड्रायव्हर मागे घ्यावं लागलं. नकली चिप ज्याच्या हातात होती त्याला ती नकली आहे हे माहीतही नव्हतं. ॲपलचं एरर ५३ दुरुस्तीच्या अंगाने तसंच: बाहेर दुरुस्त केलेले आयफोन अपडेटनंतर बंद पडले, आणि २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात कंपनीला ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड बसला.

भारतात कन्सोलबद्दल थेट कायदा नाही, पण तुकडे आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात बिघाड करणं किंवा त्याचा वापर रोखणं याची भरपाई देतं. पाच कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, निवाडा अधिकारी म्हणून, चालतात. कंपनी म्हणणार, 'सहमत' दाबलंत तीच परवानगी. कॉपीराइट कायद्याचं कलम ६५-अ कुलूप तोडण्याला शिक्षा सांगतं, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. कलम ५२ मध्ये जुळवणीसाठी लागणारी माहिती मिळवायला सूट आहे. २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने गाड्यांचे सुटे भाग बाहेर मिळू न देणाऱ्या १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींचा दंड केला होता. कन्सोलवाल्यांविरुद्ध कुणी गेलंच तर याच वाटेने जाईल.

एकट्या ग्राहकासाठी जवळचा रस्ता ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणून सांगलीचा माणूस सांगलीच्या जिल्हा आयोगात जाऊ शकतो. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही, मुदत दोन वर्षांची. मात्र करारातली अटच अन्यायकारक आहे, असा मुद्दा असेल तर जिल्हा आयोगाला अधिकार नाही. ती तक्रार राज्य आयोगात करावी लागते. हा फरक न कळल्याने अर्ज परत येऊ शकतो. सोबत जीएसटी बिल, सिरियल नंबरचा फोटो, एररचा फोटो, सिस्टिमचं व्हर्शन आणि अपडेट झाल्याची तारीख जोडावी. एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन इथे अधिकृत विकले जातात, त्यामुळे समोर उभी करायला कंपनी आहे. कुरिअरने बिलाशिवाय आलेल्या स्विचच्या बाबतीत तक्रार उरते ती फक्त विकणाऱ्या व्यापाऱ्यावर, आणि तीही त्याने पैसे यूपीआयने घेतले असतील तरच सिद्ध करायला सोपी.