दूरचित्रवाणीवरील दीर्घ राजकीय भाषणांचे प्रेक्षकमापन

पंतप्रधान, अर्थमंत्री किंवा संसदेतला एखादा नेता तासभर किंवा त्याहून जास्त वेळ बोलतो आणि अनेक वाहिन्या ते भाषण एकाच वेळी थेट दाखवतात, तेव्हा ते किती जणांनी, किती वेळ आणि कोणत्या वाहिनीवर पाहिले हे काढण्याची पद्धत. मालिका आणि क्रिकेटचे सामने ज्या यंत्रणेने मोजले जातात तीच यंत्रणा भाषणांनाही लावतात. मात्र भाषणाची लांबी, मध्ये जाहिराती नसणे आणि एकच आवाज शे-दोनशे वाहिन्यांवर असणे या तीन गोष्टींमुळे त्याच आकड्यांचा अर्थ इथे वेगळा होतो. भारतात एप्रिल २०१५ पासून हे काम ‘बार्क इंडिया’ ही संस्था करते. वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरातसंस्था यांच्या संघटनांनी मिळून ती उभारली. तिच्या आधी ‘टॅम’ या मापन कंपनीचे, टीव्हीला जोडलेले मीटर होते आणि त्याही आधी पाहिलेल्या कार्यक्रमांवर खुणा करण्याची रोजनिशी. रोजनिशीत लांब भाषणाची नोंद अगदीच बेभरवशाची होई, कारण पंधरा मिनिटे पाहून उठलेला माणूसही रात्री ‘भाषण पाहिले’ एवढेच लिहून मोकळा होई.

एका घराचा हिशेब

इंदूरच्या लोकमान्यनगरातले एक मराठी घर कल्पनेने समोर आणावे. १५ ऑगस्टची सकाळ, साडेसातच्या सुमारास लाल किल्ल्यावरचे भाषण सुरू होते आणि ते शंभर मिनिटे चालते. (ही लांबी काल्पनिक वाटू नये. नरेंद्र मोदी यांचे २०२४ चे भाषण ९८ मिनिटांचे आणि २०२५ चे १०३ मिनिटांचे होते. २०१७ मध्ये मात्र ते तासाच्या आतच आटोपले होते.) आजोबा पहिल्या वाक्यापासून शेवटच्या घोषणेपर्यंत खुर्चीत बसून आहेत, म्हणजे १०० मिनिटे. आजी तासभर ऐकून पूजेला उठते, ६० मिनिटे. बाबा १३ मिनिटे बघून कॉलनीतल्या ध्वजवंदनाला निघतात. आई पोहे परतता परतता बाहेर येते, कधी शेव-जिरावणाचे डबे ठेवायला, कधी चहा द्यायला. तिची सगळी मिळून २५ मिनिटे भरतात, त्यांतली पाच सुरुवातीच्या वीस मिनिटांतली. मुलगा दोन मिनिटे उभ्या उभ्या बघतो आणि आत जातो.

या घरातून तीन आकडे निघतात. निदान एक मिनिट पाहणारे पाच, ही झाली ‘पोहोच’. सगळ्यांची मिनिटे मिळून २०० होतात. हा पाहण्याचा एकूण वेळ. या २०० ला भाषणाच्या १०० मिनिटांनी भागले की उत्तर येते २. भाषणाच्या कोणत्याही एका मिनिटाला टीव्हीसमोर सरासरी दोन माणसे होती, असा त्याचा अर्थ. याला सरासरी मिनिट-प्रेक्षक म्हणतात आणि वाहिन्यांचा रोजचा धंदा प्रामुख्याने याच आकड्यावर चालतो.

आता तेच भाषण वीस मिनिटांत संपले असते तर काय झाले असते? आजी-आजोबांची वीस-वीस, बाबांची १३, आईची ५, मुलाची २. एकूण ६० मिनिटे, सरासरी ३. पोहोच तीच, पाच. माणसे तीच आणि त्यांची आवडही तीच. केवळ भाषण लांबले म्हणून सरासरी तीनावरून दोनावर आली आणि एकूण मिनिटे मात्र साठावरून दोनशेवर गेली. ‘भाषण लोकांनी उचलून धरले’ म्हणणारा एकूण मिनिटे दाखवील, ‘लोक कंटाळून उठले’ म्हणणारा सरासरी दाखवील, आणि दोघांचाही आकडा खरा असेल. म्हणून लांब भाषणाचा एकच आकडा छापणे मला वाचकावर अन्याय करणारे वाटते. पोहोच, सरासरी आणि भाषणाची लांबी ही तिन्ही शेजारी शेजारी दिली पाहिजेत.

मीटर आणि आवाजातली खूण

मापन नमुन्याच्या घरांवर चालते. २०२० च्या सुमारास अशी सुमारे ४४,००० घरे होती. बार्कच्याच २०१८ च्या पाहणीप्रमाणे देशात टीव्ही असलेली घरे १९ कोटी ७० लाख होती. म्हणजे एक मीटरघर ढोबळमानाने साडेचार हजार घरांच्या वतीने बोलते. घर निवडताना राज्य, शहर-खेडे, गावाचा आकार आणि घराचा आर्थिक स्तर पाहतात. हा स्तर मुख्य मिळवत्या माणसाचे शिक्षण आणि ठरावीक अकरा टिकाऊ वस्तूंपैकी घरात किती आहेत यावरून ठरतो. घरातल्या प्रत्येकाला मीटरच्या रिमोटवर एक बटण दिलेले असते. टीव्हीसमोर बसताना ते दाबायचे, उठताना पुन्हा दाबायचे. कोणत्या घरांत मीटर आहे हे गुप्त ठेवले जाते.

दाबण्याची ही शिस्त लांब भाषणात सैल पडते. मालिकेला उठण्या-बसण्याच्या ठरलेल्या जागा असतात, ब्रेक लागला की माणूस हलतो. भाषणात ब्रेकच नसतो. आईसारखी शंभर मिनिटांत आठ वेळा आत-बाहेर करणारी व्यक्ती प्रत्येक वेळी बटण दाबेल अशी अपेक्षा धरणे कठीण आहे. बटण दाबलेलेच राहिले तर ओट्यापाशी गेलेली मिनिटेही टीव्हीच्या खात्यात जमा होतात. दाबलेच नाही तर ऐकलेले भाषणही नोंदीबाहेर राहते. घरातल्या बायकांची नोंद यात सर्वांत जास्त बिघडते. स्वयंपाकघरातून भाषणाचा शब्दन् शब्द कानावर पडत असतो, पण मीटरच्या व्याख्येप्रमाणे त्या प्रेक्षक नसतात.

वाहिनी ओळखण्याची रीत मात्र भाषणांना विशेष मानवणारी आहे. प्रत्येक वाहिनी आपल्या आवाजात कानाला न जाणवणारी एक खूण मिसळते, तिला वॉटरमार्क म्हणतात. मीटर ती खूण पकडतो. नुसता आवाज जुळवून वाहिनी ओळखायची पद्धत असती तर थेट भाषणाच्या वेळी ती गोंधळली असती, कारण दूरदर्शनकडून घेतलेला तोच आवाज त्या क्षणी सगळीकडे चालू असतो. वॉटरमार्क वाहिनीगणिक वेगळा असल्यामुळे आजोबांनी हिंदी वाहिनी लावली होती की मराठी, हे कळते. ज्या स्थानिक केबल वाहिनीने वॉटरमार्क घेतलेला नाही, तिच्यावर भाषण पाहिले तर ती मोजणी वाहिनीच्या नावे कुठेच येत नाही.

२०२० चे आकडे

या विषयातले सर्वांत गाजलेले आकडे टाळेबंदीच्या काळातले आहेत. १९ मार्च २०२० रोजी जनता कर्फ्यूची घोषणा करणारे भाषण ८ कोटी ३० लाख लोकांनी पाहिल्याचे बार्कने सांगितले. २४ मार्चला रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली. ते भाषण २०१ वाहिन्यांवर १९ कोटी ७० लाख लोकांपर्यंत गेले. १४ एप्रिलच्या सकाळी दहाच्या भाषणाने २० कोटींचा टप्पा ओलांडला. २४ मार्चच्या भाषणाची एकूण मिनिटे सुमारे ३८९ कोटी होती. भागाकार केला तर माणशी साधारण वीस मिनिटे येतात, आणि भाषण अर्ध्या तासाच्या आसपास होते. म्हणजे पाहायला बसलेल्यांनी सरासरी दोन-तृतीयांश भाषण पाहिले. हे प्रमाण मला त्या मोठ्या आकड्यापेक्षा बोलके वाटते. सगळे घर एका प्रश्नाचे उत्तर ऐकायला थांबले होते, हे त्यातून दिसते.

त्या दिवसांत आणखी एक गोष्ट घडली, जी मापनाच्या दृष्टीने पुन्हा क्वचितच घडेल. हे मापन घरातल्या टीव्हीचे आहे. एरवी सराफ्यातल्या दुकानात, पानाच्या टपरीवर, कचेरीत किंवा राजवाड्याजवळच्या चहावाल्याकडे उभे राहून पाहिलेले भाषण त्यात धरले जात नाही. १४ एप्रिलला इंदूर देशातल्या सर्वाधिक बाधित शहरांपैकी एक होते, संचारबंदी होती, आणि शहर अक्षरशः घरात होते. घराबाहेरचा प्रेक्षकच उरला नव्हता, त्यामुळे घरातली मोजणी जवळजवळ पूर्ण मोजणी झाली. १५ ऑगस्टचा आकडा टाळेबंदीच्या आकड्याशेजारी ठेवून ‘लोकांचा रस घटला’ असे म्हणणे म्हणूनच चूक ठरते. १५ ऑगस्टला मुले प्रभातफेरीत असतात आणि मोठी माणसे झेंड्यापाशी.

वेळेचा असाच परिणाम अर्थसंकल्पीय भाषणावर होतो. १९९९ पर्यंत ते संध्याकाळी पाचला वाचले जाई. यशवंत सिन्हा यांनी ती वेळ सकाळी अकरावर आणली. संध्याकाळी पाचनंतर नोकरदार घरी परतू लागतो, अकराला तो कामावर असतो आणि व्यापारी गल्ल्यावर. निर्मला सीतारामन यांचे १ फेब्रुवारी २०२० चे भाषण २ तास ४० मिनिटांच्या आसपास चालले. भारतातले ते सर्वांत लांब अर्थसंकल्पीय भाषण, आणि प्रकृती साथ देईना म्हणून शेवटची दोन पाने वाचायची राहिली. इतक्या लांब आणि भर कामाच्या वेळेतल्या भाषणात लोक करांचा भाग येईपर्यंत ये-जा करतात. संपूर्ण भाषणाच्या सरासरीत ते दिसत नाही, मिनिटागणिक काढलेल्या आलेखात दिसते.

चुकीच्या तुलना

२४ मार्चच्या भाषणाने २०१९ च्या आयपीएल अंतिम सामन्याला मागे टाकले, असे तेव्हा सगळीकडे छापून आले. सामन्याची पोहोच १३ कोटी ३० लाख होती. पण सामना मोजक्या वाहिन्यांवर होता आणि भाषण दोनशेवर. भाषण नको असलेल्या माणसाला त्या अर्ध्या तासात बातम्यांच्या वाहिन्या बदलूनही सुटका नव्हती. त्यातच, टीव्ही सुरू करताच केबलवाल्याने ठरवलेली जी वाहिनी आपोआप दिसते, तिच्यावर भाषण असले तर रिमोट हाती येईपर्यंतचे मिनिटही पोहोचीत जाऊ शके.

परदेशाशी तुलना करताना आणखी घोळ होतो. अमेरिकेत ‘नील्सन’ ही मापन कंपनी अध्यक्षांच्या भाषणाचा जो आकडा जाहीर करते तो सरासरी प्रेक्षकांचा असतो. डोनाल्ड ट्रम्प यांचे ४ मार्च २०२५ चे काँग्रेसपुढचे भाषण सुमारे शंभर मिनिटांचे होते आणि त्याचा आकडा ३ कोटी ६६ लाख. आपल्याकडचे १९ कोटी ७० लाख ही पोहोच आहे. लोकमान्यनगरातल्या घरात अमेरिकेच्या रीतीने दोन प्रेक्षक होते आणि आपल्या रीतीने पाच. दोन देशांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे.

ताई आणि इंदूरची घरे

मीटर हजेरी मोजतो, पाहण्यामागचे कारण मोजत नाही. २० जुलै २०१८ रोजी लोकसभेत अविश्वास प्रस्तावावर सुमारे बारा तास चर्चा झाली आणि रात्री पंतप्रधानांनी दीड तासाहून लांब उत्तर दिले. त्या वेळी लोकसभेच्या अध्यक्ष होत्या सुमित्रा महाजन, १९८९ पासून सलग आठ वेळा इंदूरहून निवडून आलेल्या. रामबाग, टिळकनगर, सुदामानगर अशा भागांतल्या मराठी घरांत ‘आपल्या ताई’ सभागृह कसे सांभाळतात हे पाहायला टीव्ही लावणारी माणसे होती. गोंगाट वाढला की ताई उठून काय म्हणतात याकडे त्यांचे कान असत. त्या घरात मीटर असता तर ती सारी मिनिटे वक्त्याच्या भाषणाची म्हणून नोंदली गेली असती.

खंड आणि चार आठवड्यांची सरासरी

ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी मीटरघरांना पैसे देऊन टीआरपी वाढवल्याचे आरोप पुढे आणले. त्यानंतर वृत्तवाहिन्यांचे स्वतंत्र आकडे थांबवण्यात आले, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्यामुळे २०२१ च्या स्वातंत्र्यदिनाचे भाषण कोणत्या वृत्तवाहिनीवर किती पाहिले गेले याचे वाहिनीवार उत्तर नाही. पुन्हा सुरू झालेले आकडे चार आठवड्यांच्या सरत्या सरासरीने देण्यात आले. किरकोळ चढउतारांवरून होणारी मारामारी त्याने थांबते, पण एका दिवसाचे भाषण अठ्ठावीस दिवसांत विरघळून जाते. वाहिन्यांनाही अशा भाषणातून फारसे हाती लागत नाही. नियमाप्रमाणे तासाला बारा मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात. शंभर मिनिटांच्या अखंड भाषणात ती सुमारे वीस मिनिटे सोडून द्यावी लागतात.

इंदूरच्या मराठी प्रेक्षकाची जागा या रचनेत अवघड आहे. जाहीर होणारे आकडे बाजारपेठांप्रमाणे मांडलेले असतात. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून एक, महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक. भाषण हिंदीत असले तरी इंदूरचे आजोबा ते मराठी वृत्तवाहिनीवर लावतात, कारण खालची पट्टी मराठीत असते आणि भाषणानंतरची चर्चा आपल्या भाषेत ऐकायची असते. त्यांची ती शंभर मिनिटे देशाच्या बेरजेत येतात, मध्य प्रदेशच्या बेरजेतही येतात. मराठी वाहिनी आपल्या जाहिरातीचा दर ज्या महाराष्ट्र-गोव्याच्या आकड्यावर ठरवते, त्यात ती येत नाहीत.