चक्रीय उपभोग समभागांची तुलना (दुचाकी उद्योग)

लोकांच्या हाती पैसा खेळता असला की ज्यांचा माल भराभर खपतो आणि हात आखडला की ज्यांची खरेदी पुढे ढकलली जाते, अशा कंपन्यांच्या समभागांना चक्रीय उपभोग समभाग म्हणतात. वाहने, दागिने, एसी-फ्रिज, हॉटेले, तयार कपडे हे धंदे यात येतात. साबण संपला की आणावाच लागतो. जुनी मोटरसायकल मात्र आणखी दोन वर्षे ओढता येते. अशा दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांमधून एक निवडताना कंपनीची कर्तबगारी किती आणि चक्राची कृपा किती, हे वेगळे करणे हेच खरे काम असते. भारतीय दुचाकी उद्योग हे त्याचे ठळक उदाहरण होय.

शेअर बाजारात नोंदलेले यातले जुने खेळाडू चार: आकुर्डीची (पुणे) बजाज ऑटो, दिल्लीची हीरो मोटोकॉर्प, होसूरला मुख्य कारखाना असलेली टीव्हीएस मोटर आणि रॉयल एनफील्डची मालक आयशर मोटर्स. देशांतर्गत दुचाकी विक्री २०१८-१९ मध्ये सुमारे २.१२ कोटी होती, ती २०२१-२२ मध्ये सुमारे १.३५ कोटींवर आली. सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा झालेला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा, एप्रिल २०२० पासूनचे बीएस-६ हे धूर-प्रदूषणाचे कडक निकष आणि त्यामुळे चढलेल्या किमती, वर कोरोना, असे सगळे एकापाठोपाठ आले. २०२४-२५ मध्ये आकडा सुमारे १.९६ कोटींपर्यंत सावरला. तेव्हा २०२२ नंतरच्या तीन वर्षांतली वाढ दाखवून एखाद्या कंपनीचे कौतुक होत असेल, तर ती वाढ कुठल्या तळातून मोजली आहे ते आधी विचारावे. एप्रिल २०२० मध्ये बजाजची देशांतर्गत विक्री शून्य होती. पुढच्या एप्रिलची वाढ टक्क्यांत मांडताच येत नव्हती.

नवखे गुंतवणूकदार सर्वाधिक फसतात ते पीई गुणोत्तरात, म्हणजे समभागाचा भाव प्रतिसमभाग नफ्याच्या किती पट आहे या आकड्यात. मंदीत नफा आटतो, म्हणून पीई फुगलेला आणि समभाग महाग दिसतो. तेजीच्या माथ्यावर नफा भरघोस असल्याने तोच समभाग स्वस्त भासतो. म्हणून एका वर्षाच्या नफ्याऐवजी पूर्ण चक्राच्या, निदान सात-आठ वर्षांच्या, सरासरी नफ्याशी भाव ताडून पाहतात. कंपनीकडची शिल्लक रोखही आधी भावातून वजा करावी लागते. बजाजने २०२४ मध्ये प्रतिसमभाग १०,००० रुपयांनी स्वतःच्याच समभागांची ४,००० कोटींची पुनर्खरेदी केली, ती अशाच गंगाजळीतून.

ताळेबंद शेजारी ठेवले की आणखी अडचणी निघतात. टीव्हीएसच्या एकत्रित (उपकंपन्यांसह मांडलेल्या) ताळेबंदात तिच्या वित्तपुरवठा उपकंपनीचे कर्ज मिसळलेले असते. ते तसेच धरले, तर कंपनी कर्जात बुडालेली वाटते. गाड्यांच्या धंद्याचे स्वतंत्र आकडे वेगळेच सांगतात. आयशरचे उलट आहे. व्होल्वोबरोबरच्या ट्रक-बस उपक्रमाची विक्री तिच्या महसुलात दिसत नाही, नफ्याचा वाटा तेवढा खाली जोडला जातो. विक्रीवरील नफ्याच्या टक्केवारीतही आयशर वर दिसते, पण कारण सरळ आहे: तिची गाडी हौसेची, तर हीरोचा मोठा खप कमी किमतीच्या १०० सीसी गाड्यांचा. त्यामुळे टक्केवारी एकमेकींशी ताडण्यापेक्षा प्रत्येक कंपनीची आजची टक्केवारी तिच्याच मागच्या मंदीतल्या टक्केवारीशी ताडावी.

चारही कंपन्या एकाच चक्रावर फिरत नाहीत, ही गोष्ट तर वारंवार विसरली जाते. हीरोचा भर ग्रामीण ग्राहकावर, म्हणून पाऊस आणि शेतमालाचे भाव तिला आधी लागतात. बजाजच्या पाचातल्या जवळपास दोन गाड्या परदेशी जातात. जून २०२३ मध्ये नायजेरियाने आपल्या नायरा या चलनाचा दर खुला सोडला, ते कोसळले, आणि तिथे टॅक्सी म्हणून धावणाऱ्या बजाजच्या बॉक्सर मोटरसायकलचा तो मोठा बाजार आक्रसला. विदर्भातल्या पावसाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

दर महिन्याच्या १ तारखेला कंपन्या जाहीर करतात ते विक्रीचे आकडे म्हणजे बहुतांशी विक्रेत्यांकडे रवाना केलेल्या गाड्या. ग्राहकाच्या नावे झालेली नोंदणी सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर दिसते. दोन्हींत फरक वाढत गेला, की शोरूममागच्या गोदामात माल साचतो आहे असे समजावे. नवरात्र-दिवाळी कधी सप्टेंबर-ऑक्टोबरात, कधी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते. म्हणून सणाचे दोन-तीन महिने एकत्र धरूनच मागच्या वर्षाशी तुलना करावी. साचलेला माल किती महागात पडतो हे २०१७ मध्ये दिसले. २९ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने जुन्या बीएस-३ निकषांच्या गाड्यांची विक्री १ एप्रिलपासून बंद केली आणि उरलेल्या दोन दिवसांत शोरूमसमोर सवलतीच्या गाड्यांसाठी झुंबड उडाली. बजाजकडे जुना माल तुलनेने कमी होता आणि तिने बंदीची बाजू घेतली होती.

नोंदणीकृत समभागांच्या तक्त्यात एक रकाना कायम रिकामा राहतो. ॲक्टिव्हा विकणारी होंडाची भारतीय कंपनी येथील बाजारात नोंदलेली नाही. तरी स्कूटरमध्ये टीव्हीएसच्या ज्युपिटरची खरी लढत तिच्याशीच आहे. करबदलही सर्वांना सारखा लागत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यावरील गाड्यांवर तो ४० टक्के झाला. हीरोचा जवळजवळ सगळा खप सवलतीच्या बाजूला पडला. रॉयल एनफील्डच्या ३५० सीसी गाड्या स्वस्त झाल्या आणि ६५० सीसीच्या महागल्या.