बायोडिझेल–डिझेल मिश्रणांचे प्रयोगशाळेतील विश्लेषण

बायोडिझेल म्हणजे वनस्पती तेल किंवा प्राणिज चरबी यांची मेथॅनॉलशी अभिक्रिया घडवून मिळणारे मेदाम्लांचे मेथिल एस्टर. ते खनिज डिझेलमध्ये कोणत्याही प्रमाणात मिसळतात. मिश्रणातील त्यांचा वाटा घनफळाच्या टक्केवारीत ‘बी’ या अक्षरापुढे लिहितात : बी-७ मध्ये ७ टक्के, बी-२० मध्ये २० टक्के, तर बी-१०० म्हणजे निव्वळ बायोडिझेल. प्रयोगशाळेपुढे सहसा तीन प्रश्न असतात. एस्टर किती आहे, तो कोणत्या तेलापासूनचा आहे आणि अभिक्रिया अपुरी राहिल्यामुळे मागे काय उरले आहे? प्रत्येक पद्धत रेणूचे एखादेच लक्षण टिपते, त्यामुळे या तिन्हींची उत्तरे एका उपकरणातून मिळत नाहीत. निकाल फसतात ते बहुधा ही मर्यादा विसरल्याने.

नमुना

एस्टरची घनता सुमारे ०.८८, डिझेलची साधारण ०.८२ ते ०.८५. टाकीत आधी डिझेल आणि वरून बायोडिझेल ओतले, तरी ते नीट ढवळले गेले नाही तर जड एस्टर तळाशी साचतो. थंडीत हे अधिक घडते. म्हणून टाकीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या थरातून वेगवेगळे नमुने घ्यावेत. तिन्हींचे आकडे जुळले तरच ते एकत्र करण्यात अर्थ आहे. गारठलेल्या बाटलीत मोनोग्लिसराइडे (अपुऱ्या अभिक्रियेतून उरलेले तेलाचे अंश) आणि संपृक्त एस्टर गोठून खाली बसतात. ढगाळपणा पूर्ण जाईपर्यंत बाटली कोमट करून, हलवून मगच त्यातून माप काढावे. वरचा स्वच्छ द्रव घेतला तर नेमके जे शोधायचे तेच बाटलीत राहते.

एस्टरचे प्रमाण : इन्फ्रारेड पद्धत

रोजच्या कामात सर्वाधिक वापरली जाते ती ही पद्धत. एस्टरमधील कार्बन–ऑक्सिजन दुहेरी बंध (कार्बोनिल गट) १७४५ सेंमी⁻¹ (तरंगसंख्येचे एकक) च्या आसपास ठळक शोषण दाखवतो. डिझेलच्या हायड्रोकार्बनांना तेथे जवळपास काहीच शोषण नसते. ईएन १४०७८ या युरोपीय मानक पद्धतीत नमुना सायक्लोहेक्झेनमध्ये विरल करून ०.५ मिमी जाडीच्या सेलमध्ये भरतात. सुमारे १८२० आणि १६७० सेंमी⁻¹ यांना जोडणारी आधाररेषा धरून शिखराची उंची मोजतात. विरलता अशी ठेवावी, की शोषणांक ०.१ ते १.१ यांच्या दरम्यान पडेल. त्यावर गेल्यास अंशांकनाची (ज्ञात प्रमाणाच्या द्रवांवरून आखलेली) रेषा वाकू लागते. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या डी ७३७१ पद्धतीत नमुना विरल न करता थेट परावर्तन स्फटिकावर ठेवतात आणि १ ते २० टक्क्यांपर्यंतचे प्रमाण बहुचल सांख्यिकीने काढतात. ही रीत जलद आहे, पण तिचे प्रारूप ज्या प्रकारच्या डिझेलांवर बसवले त्यांच्या पलीकडचा नमुना आला तर आकडा बिनतक्रार चुकतो.

चुकांची ठिकाणे ठरलेली आहेत. हवेतील बाष्पाच्या बारीक रेषा १४०० ते १९०० सेंमी⁻¹ या पट्ट्यात, म्हणजे थेट मोजमापाच्या जागेवर येतात. उपकरणातून कोरडी हवा किंवा नायट्रोजन सोडला नाही, तर कमी प्रमाणाचे निकाल डळमळतात. मिठाच्या खिडक्या ओल्या नमुन्याने झिजतात आणि सेलची जाडी बदलते. कॅल्शियम फ्लोराइडच्या खिडक्या टिकतात. स्फटिकावर आधीच्या बी-१०० ची अदृश्य पुटी राहिली, तर पुढचे निव्वळ डिझेलही एस्टर दाखवते. म्हणून प्रत्येक नमुन्याआधी कोरा वर्णपट घेऊन १७४५ पाशी सपाट रेषा दिसते का, हे पाहावे.

याहून कपटी चूक अंशांकनात असते. उपकरण कार्बोनिल गट मोजते आणि प्रत्येक एस्टर रेणूत तो एकच असतो. मेथिल ओलिएटचा रेणुभार २९६.५, तर मेथिल लॉरेटचा २१४.३. दोघांचे समान वजन घेतले, तर लॉरेटमध्ये कार्बोनिल गट सुमारे ३८ टक्के जास्त भरतात. मोहरीवर्गीय तेलाच्या एस्टरवर अंशांकन करून खोबरेल तेलाच्या एस्टरचे मिश्रण मोजले, तर उत्तर बरेच वर जाते. नमुना ज्या तेलाचा, शक्यतो त्याच तेलाचे प्रमाण-द्रव (ज्ञात प्रमाणाची मिश्रणे) बनवावेत.

प्रमाण-द्रव वजनाने बनवणे अचूक, पण निकाल घनफळात द्यायचा असतो. एस्टरची घनता ०.८८३ आणि डिझेलची ०.८३५ असेल, तर घनफळाने २० टक्के मिश्रण वजनाने २०.९ टक्के भरते. हे रूपांतर राहून गेले, की अख्खी मालिका एकाच दिशेने सरकते आणि पुनरावृत्ती कितीही चांगली असली तरी ते कळत नाही.

शिवाय, अभिक्रिया न केलेल्या वनस्पती तेलातील ट्रायग्लिसराइडांचे (तेलाच्या मूळ रेणूंचे) शोषणही १७४५ जवळच येते. डिझेलमध्ये कोणी न बदललेले तेल मिसळले, तर या पद्धतीला ते बायोडिझेलच वाटते. शंका असल्यास प्रोटॉन एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजन अणूंच्या जागा ओळखणारा वर्णपट) घ्यावा : मेथॉक्सी गटाची एकेरी रेषा ३.६७ पीपीएमवर (येथे वर्णपटावरील स्थानाचे माप), तर ग्लिसराइडांच्या ग्लिसरॉल भागाच्या रेषा ४.१ ते ४.३ पीपीएमवर येतात. बी-१०० मध्ये मेथॉक्सीचे क्षेत्रफळ आणि २.३ पीपीएमवरील मेथिलीनचे क्षेत्रफळ यांच्या गुणोत्तरावरून अभिक्रिया किती पूर्ण झाली, तेही काढता येते.

कोणते एस्टर : गॅस क्रोमॅटोग्राफी

गॅस क्रोमॅटोग्राफीत नमुन्याचे घटक वायुरूपात लांब नळीतून (स्तंभातून) जाताना वेगळे होतात. ईएन १४१०३ ही बी-१०० साठीची पद्धत आहे. सुमारे १०० मिग्रॅ नमुना आणि तितकाच अंतर्गत मानक (तुलनेसाठी ज्ञात प्रमाणात घातलेला पदार्थ) १० मिलि टोल्यूईनमध्ये घेऊन ध्रुवीय स्तंभातून सोडतात व ज्वाला-आयनीकरण शोधकाने मोजतात. बायोडिझेलच्या दर्जाच्या ईएन १४२१४ या मानकानुसार एस्टर वजनाने किमान ९६.५ टक्के आणि लिनोलेनिक एस्टर कमाल १२ टक्के असावा लागतो. जुन्या आवृत्तीत १७ कार्बनांचा मेथिल हेप्टाडेकॅनोएट मानक होता. जनावरांच्या चरबीत हे आम्ल मुळातच थोडे असते, त्यामुळे मानकाचे शिखर फुगून एस्टरचे प्रमाण कमी दिसे. २०११ च्या आवृत्तीत म्हणून १९ कार्बनांचा मेथिल नोनाडेकॅनोएट आला.

मिश्रण थेट या पद्धतीत घालू नये. डिझेलच्या शिखरांची गर्दी एस्टरांच्या जागीच येते आणि ती एस्टर म्हणून मोजली जाते. आधी सिलिकाच्या छोट्या स्तंभावर हेक्झेनने हायड्रोकार्बन धुऊन काढावेत, मग डायएथिल ईथरसारख्या अधिक ध्रुवीय द्रावकाने एस्टर उतरवावेत. ईएन १४३३१ याच तत्त्वावर आहे. हेक्झेन कमी पडले तर डिझेल मागे राहते, सिलिका दमट असेल तर एस्टर हेक्झेनबरोबरच निसटतात. द्विमितीय गॅस क्रोमॅटोग्राफीत ही पूर्वतयारी टळते, कारण दुसरा ध्रुवीय स्तंभ एस्टरांना हायड्रोकार्बनांपासून बाजूला काढतो. अॅरोमॅटिक घटकांच्या द्रव क्रोमॅटोग्राफीत मात्र एस्टर बहुवलयी अॅरोमॅटिकांबरोबर उशिरा बाहेर पडून त्यांचा आकडा वाढवतात.

मागे उरलेले ग्लिसराइड

एएसटीएम डी ६५८४ मध्ये सुमारे १०० मिग्रॅ बी-१०० घेऊन त्यात ब्यूटेनट्रायॉल आणि ट्रायकॅप्रिन ही दोन अंतर्गत मानके व एमएसटीएफए हे सिलिलीकारक (ग्लिसरॉल व ग्लिसराइडांना सहज बाष्प होणाऱ्या रूपात बदलणारे रसायन) प्रत्येकी १०० मायक्रोलिटर घालतात. १५ ते २० मिनिटे थांबून ८ मिलि हेप्टेन मिसळतात. थंड अंतःक्षेपणाने १ मायक्रोलिटर थेट स्तंभावर सोडून तापमान ५० वरून ३८० अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. एकूण ग्लिसरॉल असे काढतात : मुक्त ग्लिसरॉल + ०.२५९१ × मोनो + ०.१४८८ × डाय + ०.१०४४ × ट्रायग्लिसराइड. ईएन १४२१४ मध्ये मुक्त ग्लिसरॉलची मर्यादा ०.०२ आणि एकूण ग्लिसरॉलची ०.२५ टक्के आहे.

येथे खरा शत्रू ओलावा. तो सिलिलीकारक आधीच खाऊन टाकतो. ग्लिसरॉलचे शिखर शेपटासारखे ओढले जाते आणि नमुना वाजवीपेक्षा स्वच्छ ठरतो. खोबरेलासारख्या लॉरिक तेलांच्या एस्टरांना ही पद्धत लागू नाही. मिश्रणातही ती वापरत नाहीत, त्यामुळे ग्लिसराइडांची तपासणी मिसळण्याआधीच करून घेणे भाग असते.

इन्फ्रारेडला न दिसणारा जैव अंश

तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून बनवलेल्या नवीकरणीय डिझेलमध्ये ऑक्सिजन उरत नाही. ते हायड्रोकार्बनच असल्याने कार्बोनिल मोजून सापडत नाही. त्यासाठी कार्बन-१४ मोजतात (एएसटीएम डी ६८६६). या समस्थानिकाचे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षे, त्यामुळे खनिज तेलात तो शिल्लकच नसतो. एस्टरांचा हिशेब करताना एक बारकावा धरावा : मेथॅनॉल बहुधा नैसर्गिक वायूपासूनचे असते. म्हणून मेथिल ओलिएटच्या १९ पैकी १८ कार्बनच जैव ठरतात आणि शुद्ध बायोडिझेलही सुमारे ९४.७ टक्के जैव कार्बन दाखवते.

लेशमात्र एस्टर

एकाच वाहिनीतून आधी बायोडिझेल-मिश्रण आणि मग विमानाचे इंधन गेले, तर एस्टर भिंतींना चिकटून पुढे येतात. विमान-इंधनात त्यांची मर्यादा ५० मिग्रॅ प्रति किलो आहे. इतक्या कमी प्रमाणासाठी वस्तुमान-वर्णपटमापक जोडलेली गॅस क्रोमॅटोग्राफी (आयपी ५८५ ही पद्धत) लागते. तिच्यात १६ ते १८ कार्बनी आम्लांचे सहा एस्टर निवडक आयनांवरून मोजतात. खोबरेलाचे ८ ते १४ कार्बनी एस्टर या यादीत नाहीत. ते केरोसीनच्या शिखरांखाली दडून निसटू शकतात. काचेची भांडी आदल्या दिवशी डिझेल-मिश्रणासाठी वापरलेली असतील, तर ती कितीही धुतलेली असली तरी या कामाला घेऊ नयेत.