आलेखातला चढ कुठून येतो?

मे महिना लागला की नागपुरात मोबाइलवर तापमानाचे आलेख फिरू लागतात. परवा असाच एक आला. आठ दिवसांत पारा ४२ अंशांवरून ४६ वर. लाल रेघ, आणि चढ असा की पाहूनच छातीत धस्स व्हावं. खाली ओळ : 'नवतपा येतोय, सांभाळा!' (नवतपा म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावरचे, सर्वांत तापणारे मानले जाणारे नऊ दिवस.) ऊन कडक आहे, यात वादच नाही. पण त्या रेघेचा चढ उन्हाने ठरवलेला नव्हता. आलेख काढणाऱ्याने ठरवला होता.

शाळेत आलेख कागदाच्या उजव्या कोपऱ्यात 'प्रमाण' लिहावं लागायचं. आडव्या अक्षावर १ सेंमी म्हणजे किती, उभ्या अक्षावर किती. विसरलं तर गुण जायचे, आणि ते योग्यच होतं. एक कागद घ्या आणि करून बघा. उभ्या अक्षावर १ सेंमी = १ अंश, आडव्यावर १ सेंमी = २ दिवस. रेघ चार सेंमी पुढे आणि चार सेंमी वर जाते, म्हणजे ४५ अंशांचा कोन. आता उभ्यावर १ सेंमी = अर्धा अंश करा, आडव्यावर १ सेंमी = ४ दिवस. पुढे दोन सेंमी, वर आठ. कोन ७६ अंश, थेट कडाच! आणि उभ्यावर १ सेंमी = १० अंश, आडव्यावर १ सेंमी = १ दिवस घेतलं, तर आठ सेंमीत जेमतेम ४ मिमी चढ. कोन तीन अंशांहूनही कमी. तिन्ही आलेख खरे आहेत, तिन्हींत तापमान रोज सरासरी अर्ध्या अंशानेच वाढलंय. म्हणून चढ डोळ्यांनी जोखू नका, अक्षांवरचे आकडे वाचून भागाकार करा.

स्तंभालेखात गोष्ट आणखी बिघडते, कारण तिथे आपण लांबीची तुलना करतो. उभा अक्ष ४१ पासून सुरू केला की ४६ चा स्तंभ ४२ च्या पाचपट दिसतो. मग शून्यापासून सुरू करा, असा सल्ला मिळतो. पण सेल्सिअसचं शून्य हा पाण्याचा गोठणबिंदू आहे, उष्णतेचा अभाव नव्हे. ४६ अंश हे २३ च्या दुप्पट गरम नसतं. खरं शून्य उणे २७३ अंशांच्या आसपास आहे, केल्व्हिन मापन तिथून सुरू होतं. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंश नोंदले गेले, २३ मे २०१३ ला ४७.९. केल्व्हिनमध्ये हे अंदाजे २७७ आणि ३२१. १ सेंमीला १० केल्व्हिन धरून स्तंभ काढले, तर एक २७.७ सेंमी, दुसरा ३२.१. हुडहुडी आणि होरपळ यांच्यात फक्त १६ टक्क्यांचा फरक! भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हा आलेख अगदी चोख आहे. पण उष्माघाताचा धोका त्यावरून कळणार नाही, कारण शरीराला ३७ अंशांच्या आसपासच राहायचं असतं.

नवतप्याबद्दल एक सांगायलाच हवं. सूर्य साधारण २५ मेला रोहिणी नक्षत्रात जातो, आणि २६ मेच्या सुमारास भरदुपारी नागपूरच्या थेट डोक्यावर असतो. तापवतो तो डोक्यावरचा सूर्य आणि पावसाआधीची कोरडी हवा. रोहिणीचा त्यात काही हात नाही. पृथ्वीचा अक्ष सावकाश डुलतो, त्यामुळे रोहिणीप्रवेश दर ७०-७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकतो. ऊन काही त्याच्या मागे जाणार नाही.

हवामान खातं सपाट प्रदेशात उष्णतेची लाट ठरवताना कमाल तापमान किमान ४० आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी जास्त आहे का, हे पाहतं. ४५ गाठलं तर सरासरी बघायचीही गरज नसते. त्यामुळे नागपूरच्या मे महिन्याच्या रेषालेखाला ३५ ते ४८ अंशांचा उभा अक्ष मला रास्त वाटतो, त्यात त्या-त्या तारखेच्या सरासरीची दुसरी रेघ हवी, आणि कोपऱ्यात प्रमाण.