साडेबारा टक्क्यांचा भूखंड आणि नवी मुंबईतले गुन्हे

नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, १७ मार्च १९७० ला स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची भातशेती आणि मिठागरं संपादनाखाली आली. मोबदला तुटपुंजा होता. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना पदरात पडली, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत. तिचे शासननिर्णय १९९० आणि १९९४ चे. जमीन जाणं आणि भूखंड मिळणं यांत असा वीस-वीस वर्षांचा काळ गेला. इथल्या कितीतरी गुन्ह्यांचं मूळ त्या काळात आहे.

हिशेब साधा आहे. एक एकर, म्हणजे ४० गुंठे, म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्याचे साडेबारा टक्के ५०६. त्यातून सार्वजनिक सुविधांसाठी ३० टक्के कापले की हातात उरतात साधारण ३५४ चौरस मीटर. तोवर सातबाऱ्यावरचा आजोबा वारलेला असतो आणि वारस पंधरा झालेले असतात. वाट्याला प्रत्येकी २४ चौरस मीटरसुद्धा येत नाही. जागा तुकड्यांत वाटता येत नाही, म्हणून ती विकासकाकडे जाते.

घोटाळा इथे होतो. वाटप व्हायच्या आधीच दलाल एका भावाला इसार देऊन कुलमुखत्यारपत्र करून घेतो. वारस दाखल्यातून लग्न होऊन गेलेल्या बहिणी गळतात. दुसरा भाऊ दुसऱ्याच विकासकाशी साठेकरार, म्हणजे पुढे विकण्याचा करार, करतो. सिडको, भूधारक आणि विकासक यांच्या त्रिपक्षीय करारापर्यंत गोष्ट आली की दोघे दावेदार समोरासमोर येतात. मग कुंपण तोडणं, धमकी, मारहाण, क्वचित खून.

आकड्यांत हे दिसत नाही, आणि ही मोठीच उणीव आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी निकालाने (१२ नोव्हेंबर २०१३) दखलपात्र गुन्ह्याची नोंद सक्तीची केली, पण आर्थिक व्यवहारांच्या तक्रारीत प्राथमिक चौकशीला मुभा ठेवली. त्यामुळे ‘ही दिवाणी बाब आहे’ म्हणून फसवणुकीची तक्रार अडून राहू शकते. नोंद होते ती पुढच्या मारहाणीची. एका फिर्यादीत अनेक कलमं असली तरी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यात सर्वांत गंभीर तेवढंच मोजलं जातं. खुनाच्या तक्त्यात मालमत्तेचा वाद हे कारण वेगळं दिलेलं असतं, मारहाणीच्या तक्त्यात नाही.

दुसरा धागा गावठाणांचा. कुटुंबं वाढली, गावठाणाची हद्द मात्र वाढली नाही. गरजेपोटी घरं उभी राहिली. त्यांच्याच आडोशाने बाहेरच्या बांधकाम व्यावसायिकांनी इमले चढवले. बँक कर्ज देत नाही, व्यवहार रोखीत, घेणारा कमी पगाराचा. मुंब्र्याजवळ शीळ इथे ४ एप्रिल २०१३ ला अशीच इमारत कोसळून ७४ जीव गेले. बिल्डरांबरोबर पालिका अधिकारी आणि पोलीसही अटकेत गेले.

जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करायची तर आधी हद्द बघावी. ठाणे पोलीस आयुक्तालय १९८१ चं, नवी मुंबईचं १९९४ चं. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा जिल्हा झाला, २०२० मध्ये मीरा-भाईंदर नव्या आयुक्तालयात गेलं. या वर्षांपाशी ठाण्याचा आलेख खाली आलेला दिसला, तर गुन्हे कमी झाले असं धरू नये. आधी त्यातून कोणती पोलीस ठाणी वगळली गेली ते तपासावं.